भावजींची वेगळी चूल

६ जानेवारी

आजची फेरीही फुकट गेली. पहाटे उठून गोठा, दूध, डबे उरकले. भावजींचा हात धरून बसमध्ये चढवलं, कोल्हापुरात उतरवलं, कचेरीच्या पायऱ्या चढवल्या. अर्धा दिवस बाकड्यावर काढल्यावर खिडकीतल्या माणसानं कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "बाई, रेशनकार्डात तुमच्या मालकांचं नाव हाय. उत्पन्न सगळ्या घराचं धरत्यात. हे न्हाई बसायचं."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, दादासो. एमआयडीसीत फाउंड्रीत होते. काचबिंदूनं आधी एक डोळा गेला, मग दुसरा. सहा वर्षं झाली, आता ऊन आहे की सावली एवढंच कळतं. लग्न राहिलं ते राहिलंच. गरीब आंधळ्या माणसाला सरकार महिन्याला अनुदान देतं, त्यासाठी ही धावाधाव. दवाखान्याचं प्रमाणपत्र काढता काढता मागचं वर्ष गेलं. ते हातात आलं तेव्हा वाटलं, सुटलो. कुठलं सुटतोय.

येताना बसमध्ये भावजी म्हणाले, "वैनी, ऱ्हाऊ द्या की. न्हाई मिळालं तर न्हाई."

मी म्हटलं, "गप बसा. डोळ्यातल्या थेंबांचं दर महिन्याला कोण बघणार?"

शेजारची बाई वळून बघायला लागली. माझं डोकं उठलं होतं. नंतर वाईट वाटलं, पण शब्द काय परत घेता येतात थोडेच.

ही डायरी पतसंस्थेनं दिलीय. आमच्या लेकीला, अनुजाला नको होती, कॉलेजात असल्या डायऱ्या कुणी वापरत नाही म्हणे. मी बारावी झालेली आहे, अक्षर बरं आहे. घरात ज्याला त्याला आपलीच घाई, बोलायचं कुणाशी? म्हणून दुपारी भांडी झाली की दोन ओळी लिहायच्या असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

९ जानेवारी

गावात फॉर्म भरून देणारा बाळासो आहे. त्यानं वाट सांगितली. "कार्ड फोडा वैनी. दादासोचं कार्ड येगळं काढा. येगळा ऱ्हातोय, येगळं करून खातोय, असं प्रतिज्ञापत्र द्या. मग त्येचं उत्पन्न शून्य. सगळी असंच करत्यात."

"पण ते तर आमच्यातच जेवत्यात की."

"आवो कागदावर म्हणतोय मी. तुमी ताट काढून घ्या म्हणतोय काय?"

संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर मालकांना सांगितलं. मालक दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत, दमून येतात, फार बोलत नाहीत. लगेच हो म्हणाले. मग घास हातात धरूनच म्हणाले, "कार्ड येगळं म्हंजे कार्डच हं. सातबाऱ्याला कोण हात लावायचा न्हाई."

आता सातबाऱ्याचं नाव तरी कुणी काढलं होतं का? उसाचा तो तुकडा दोघा भावांच्या नावावर आहे, तो आहे तसाच आहे. भावजी तिथंच बसले होते. म्हणाले, "वैनी, अर्धी भाकरी द्या अजून." त्यांनी ऐकलं नसावं.

मला मात्र त्या प्रतिज्ञापत्राची धास्ती वाटते. खोटं बोलायला लागले की माझी जीभ अडखळते. अनुजाच्या मार्कांवरून शेजारणीला थाप मारायला गेले होते, तर दारातच पकडले गेले होते.

२३ जानेवारी

कार्डाचा अर्ज गेला, प्रतिज्ञापत्र झालं. आता अनुदानाच्या अर्जावर तलाठी घरी येऊन चौकशी करणार. बाळासो म्हणाला, "खोली दाखवाय लागंल, चूल दाखवाय लागंल."

खोलीचा प्रश्न नाही. भावजी गोठ्याला लागून वैरणीची खोली आहे तिथंच झोपतात. आधी आतल्या खोलीत झोपायचे. पण अनुजाचा अभ्यास, तिचं टेबल, रात्री उठले की त्यांना कशाची तरी ठेच लागायची. त्यांचीच सोय म्हणून तिकडं खाट टाकली.

आज उरलेली वैरण पत्र्याखाली काढली, खोली झाडली, माती कालवून कोपऱ्यात एक चूल घातली. वर एक तवा, दोन पातेली, पिठाचा लहान डबा, एक ताट, एक तांब्या. लहानपणी भातुकली मांडायचो तसंच दिसत होतं. हात धुताना कंबर सरळ होईना. एवढं करून ती चूल कुणी वापरणार नाही.

भावजी चुलीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "ही माझी व्हय?"

मी म्हटलं, "व्हय. मालक हाय तुमी आता." दोघंही हसलो.

३० जानेवारी

बाळासो येऊन बघून गेला आणि पोट धरून हसला. "वैनी, आवो ही चूल हाय का देवळातला कट्टा? कोरी करकरीत! राख कुठं हाय? भित्ताड काळं कुठं झालंय? तलाठी काय खुळा हाय?"

म्हणजे आता चूल रोज पेटवायची. न शिजवता. नुसता धूर करायला. आपल्या लोकांचं डोकं अशा ठिकाणी बरोबर चालतं.

६ फेब्रुवारी

गॅसवर एक स्वयंपाक, आणि गोठ्याकडं जाऊन सकाळ-संध्याकाळ एक खोटा जाळ. फुंकून फुंकून डोळे लाल होतात. आज भावजी म्हणाले, "मी पेटवतो की."

"नको. भाजून घेशीला आनि गावभर माझं नाव हुईल."

"वैनी, जाळ कुठं हाय त्ये तोंडाला कळतंय. बघाय कशाला पायजे?"

सहा वर्षं मी त्यांना गॅसजवळ फिरकू दिलेलं नाही. गरम आमटी वाढली की निवेपर्यंत ताट पुढं ठेवत नाही. भात कालवून देते, काटा असला तर मासा नीट करून देते. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे मी कसं बघते ते. पण आज इतकी दमले होते की काडेपेटी त्यांच्या हातात दिली आणि दारात उभी राहिले. त्यांनी जाळ केला. भाजलं नाही. मी घरात येऊन पाठ टेकली.

११ फेब्रुवारी

भावजींनी माझी चूल मोडली!

पिराजी म्हणून त्यांचा फाउंड्रीतला जुना दोस्त आहे, वरच्या आळीला राहतो. त्यानं घमेल्यातनं माती आणून दिली आणि भावजींनी स्वतः नवी चूल घातली. म्हणे माझ्या चुलीचं तोंड वाऱ्याकडं होतं, सगळा धूर खोलीत कोंडायचा. मी म्हटलं, "धूरच तर करायचा हुता की." पिराजी हसला, भावजी हसले नाहीत. ते चुलीची कड अंगठ्यानं सारखी करत होते. तोंडावर माती लागलेली, ती त्यांना कळत नव्हती. मी पदरानं पुसायला गेले तर मान मागं घेतली.

थोडं लागलं मला. पण असो. चूल बरी झालीय.

१४ फेब्रुवारी

विशेष काही नाही. कंबर.

२४ फेब्रुवारी

काल अनुजाला बघायला पावणं येऊन गेले, इचलकरंजीजवळचे. मुलगा बरा आहे. भावजींना सकाळीच पिराजीकडं पाठवलं होतं. डोळ्यांचं कळलं की लोक लगेच विचारतात, घराण्यात हाय काय, पोरीला हुईल काय. समजावून सांगत बसायचं कुणी? भावजींना तसं सांगितलं तर "जातो की" म्हणाले आणि काठी घेऊन निघालेही. त्यांचं हे फार चांगलं, कुठल्याही गोष्टीचा वाद नाही.

पावणं गेल्यावर मी त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला शिरा घेऊन खोलीवर गेले. तर गडी चुलीपुढं बसून जेवत होता. पिठलं आणि भाकरी. भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला करपलेली. पिठल्यात गुठळ्या. मी म्हटलं, "ही कुणी केली?"

"मी."

"आनि शिरा?"

"पोट भरलं वैनी."

पावण्यांना शिरा कमी पडेल असं वाटलं असणार त्यांना. असाच जीव आहे त्यांचा, स्वतःसाठी कधी काही मागायचं नाही. सकाळी शिरा आंबला, म्हशीपुढं टाकला.

४ मार्च

आज तलाठी येणार होते. मालकांनी अर्धा दिवस रजा काढली. मी दोन्ही अंगणं झाडली, भावजींची आमच्यातली वाटी-ताट माळ्यावर लपवली. दुपार टळली तरी कुणाचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणे दुसऱ्या गावात पंचनाम्याला गेलेत, पुढच्या आठवड्यात बघू.

वेळ होता म्हणून भावजींची उजळणी घेतली. "तलाठ्यांनी इचारलं तर काय सांगायचं?"

"मी एकटा ऱ्हातो. माझं मी करून खातो. भावाच्या घरात जेवत न्हाई."

असं खणखणीत सांगितलं की मलाच क्षणभर खरं वाटलं. मी आपली उगाच काळजी करत होते. नाटक चांगलं जमतं त्यांना. अडखळणार ती मीच.

२० मार्च

तलाठी अजून नाहीत. आधी भावजी संध्याकाळचे जेवायला यायचे बंद झाले, आता आठ दिवस सकाळचेही येत नाहीत. आज मीच गेले. म्हटलं, "भावजी, नाटक पुरे झालं. भित्ताड झालंय काळं आता. चला जेवायला."

"तलाठी कवाबी यील की वैनी. नेमकं तुमच्यात जेवताना सापडलो म्हंजे?"

हसले. मीही हसले. खोलीत कांदा भाजल्याचा वास होता. पिराजी दारात बसून वांगी चिरत होता.

घरात एक ताट कमी झालं. काम हलकं झालं म्हणायला हवं. तरी वाढताना हात चौथ्या ताटाकडं जातो आणि मग माझाच मला राग येतो.

१२ एप्रिल

वर्षाची चटणी करायला घेतली. मिरच्या उन्हात टाकल्या होत्या, आज देठं काढायला बसले. खोबरं, लसूण, कांदा, मसाला सगळं मांडून ठेवलं होतं, उद्या डंकावर कुटायला न्यायचं. भावजी काठी टेकत आले, हातात पिशवी. मला वाटलं मदतीला आले. देठं काढायचं काम त्यांना येतं.

म्हणाले, "वैनी, माझ्या वाटणीच्या मिरच्या ह्यात घाला. मी आनि पिराजी करून आणतो."

"येगळी कशाला? डबा भरून देतो की आमच्यातला."

"नको. माझी माझी असूं दे."

चटणी वर्षाची करतात. चार दिवस नाटक करणाऱ्या माणसाला वाटीभर पुरते. वर्षाची चटणी जो करतो तो वर्षभर राहणार असतो. एवढं मला आत्ता, पिशवी उघडी धरून ते उभे होते तेव्हा कळलं. मग माझा तोलच गेला. म्हटलं, "काय कमी केलं तुमाला? सहा वरसं ताट वाढलं. आयतं पुढ्यात दिलं. काय चुकलं सांगा!"

भावजी मग हळू आवाजात बोलले, नेहमीसारखे.

"कमी कायबी न्हाई केलं वैनी. ताट पुढ्यात यायचं. भूक लागल्याव न्हवं, तुमचं सगळ्यांचं उरकल्याव यायचं. मीठ कमी असलं तर मागायला तुमाला उठवाय लागायचं. तुमी दमलेल्या. म्हणून मागायचो न्हाई. सहा वरसं न्हाई मागितलं."

"मग सांगायचं की!"

"कसं सांगणार? तुमी एवढं करत हुता."

मी पिशवीत मिरच्या भरल्या. मोजल्या नाहीत, भरल्या. ते गेल्यावर देठं काढायला बसले, पण हात चालेनात. मी काय मुद्दाम केलं का? सगळ्यांचं उरकून त्यांना निवांत वाढावं म्हणून उशीर व्हायचा. सगळी गल्ली म्हणते, वर्षाराणीसारखी भावजय मिळायला नशीब लागतं. आणि तो माणूस सहा वर्षं अळणी जेवत होता. मला फार लागलंय. कुणाचा राग येतोय ते कळत नाही.

१४ एप्रिल

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मला ठावंच हुतं. आता रानाचा वाटा मागतोय बघ." आणि ताडताड गोठ्याकडं गेले. मी मागोमाग.

"दादू, सरळ सांग. तुज्या मनात काय हाय? रान पायजे?"

भावजी खाटेवर बसले होते. म्हणाले, "रान तुझ्याकडंच ऱ्हाऊं दे. मला कुठं नांगर धरायचाय? दाराला तेवढी आतनं कडी बसवून दे."

"कडी?"

"कोण बी कवाबी आत येतंय रं. वैरण घ्यायला, खोरं घ्यायला. मी कापडं बदलत असतो, मला कळत न्हाई कोण हाय ते."

मालकांचा जीव असा काही भांड्यात पडला की लगोलग कोल्हापुरातून कडी आणली. चांगली, जाड, पितळी. स्वतः बसवली. सातबारा वाचला म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नाही. मी दारात उभी होते. खोरं न्यायला त्या खोलीत मीच तर जात होते, न विचारता.

३ मे

चटणी त्यांची आमच्यापेक्षा तिखट झालीय म्हणे. पिराजी सांगत होता. मला अजून चव बघायला दिलेली नाही.

२६ मे

तलाठी उद्या नक्की येणार. बाळासोचा निरोप आला. "वैनी, नवीन भाऊसाहेब हायत, कडक हायत. मागच्या गल्लीत दोन अर्ज उडवले. घरातल्यांना येगळं घेऊन इचारत्यात."

पूर्वी हे ऐकून मला घाम फुटला असता. आज दुसरंच मनात आलं आणि त्याची लाज वाटते, तरी इथं लिहिते. मी जर उद्या म्हटलं, "कुठलं येगळं, आमच्यातच जेवत्यात," तर अर्ज उडेल. अनुदान नाही. पिराजी काही जन्मभर वांगी आणून देणार नाही. मग भावजी येतील की जेवायला. कुठं जातील? आणि आता मी सगळ्यांच्या आधी वाढीन. मीठ पुढ्यात ठेवीन. सगळं नीट करीन.

संध्याकाळी त्यांच्याकडं गेले. कडी वाजवली. आतून "कोण?" असं आलं. आमच्याच गोठ्यात उभी राहून मला माझं नाव सांगावं लागलं.

म्हटलं, "भावजी, नको ते अनुदान. चला घरात. मी चुकलो असंन, पण चला."

त्यांनी मला खाटेवर बसायला सांगितलं, स्वतः उंबऱ्यावर बसले. "वैनी, तुमी माझ्यासाठनं किती फेऱ्या मारल्या कचेरीच्या. माझा हात धरून. त्ये इसरलो न्हाई मी. पण पैसं माझ्या खात्याव आलं म्हंजे थेंब माझं मी आणीन, पीठ माझं मी आणीन. कुणाफुडं हात नको पसराय. तुमच्याबी फुडं नको."

"आनि मी काय करू?"

हे मी का विचारलं कोण जाणे. 

२७ मे

आले एकदाचे तलाठी. तरुण आहेत, उन्हानं तोंड रापलेलं, मोटरसायकलवरून उतरले तेच कंटाळलेले दिसत होते. पंच म्हणून शेजारचे हंबीरराव आले. भाऊसाहेबांनी खोली बघितली, चूल बघितली, राखेत बोट घालून बघितलं. चुलीवर आमटी रटरटत होती. भावजींनी अंदाजानं झाकण काढलं, चिमूटभर मीठ टाकलं, पळीनं थेंब तळव्यावर घेऊन चाटला, पुन्हा झाकलं. 

मग भाऊसाहेबांनी मला बाजूला, पत्र्याखाली घेतलं.

"ताई, मी आत्तापातूर लई चुली बघितल्या. तलाठी यायच्या दिवशी पेटवत्यात. खरं सांगा. ह्ये तुमच्यात जेवत्यात का न्हाईत? खोटं निघालं तर तुमच्यावर बी केस हुईल."

पत्र्याखाली मालक उभे होते, बाळासो उभा होता. दोघांचेही डोळे माझ्यावर. जानेवारीपासून ज्या प्रश्नाला मी घाबरत होते तोच प्रश्न, आणि आता खोटं उत्तर अगदी जिभेवर होतं. जेवत्यात. एवढाच शब्द. जीभ अडखळत नव्हती, आज ती सरळ चालली असती.

खोलीतून पळीचा आवाज आला.

मी म्हटलं, "न्हाई साहेब. आमच्यात जेवत न्हाईत."

आणि रडू फुटलं. पुरुषमाणसांसमोर, पत्र्याखाली, पदर तोंडाला लावून. थांबेचना. भाऊसाहेब गडबडून गेले. त्यांना वाटलं, दिराला वेगळं टाकल्याची शरम वाटतेय. म्हणाले, "असूं दे ताई, हुतंय घराघरात. मी काय तुमाला बोलाय आलो न्हाई. काम हुईल त्येंचं." बाळासो माझ्याकडं बघत होता, जणू काय अॅक्टिंग केली बाईनं! जाताना मालकांच्या कानात तसं म्हणालाही, मला ऐकू आलं.

भाऊसाहेबांनी मांडीवर कागद घेऊन अहवाल लिहिला. हंबीररावांची सही झाली. मग कागद माझ्यापुढं धरला. भावाच्या घरची म्हणून माझीही सही हवी होती. "शिकलेल्या हाय न्हवं? वाचून बघा. कायबी चुकीचं असंल तर आत्ताच सांगा."

अर्जदार पूर्णपणे अंध आहे. अर्जदार भावाच्या कुटुंबापासून विभक्त राहतो. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो. अर्जदारास भावाच्या कुटुंबाचा कोणताही आधार नाही.

मी दोन वेळा वाचलं. चुकीचं काहीच नव्हतं. पेन मागून घेतलं आणि सही केली.